तीन बोटं फीत

माझ्याकडे एक पत्र्याचा डबा आहे,
तासगावच्या बेदाण्याचा. झाकण काढलं
की अजून आंबटगोड वास येतो,
आणि त्याखाली जुन्या फितीचा, जरा उग्र.

आत श्वास आहेत.

सांगलीच्या रेडिओवर एकतीस वर्षं
मी माणसांचे श्वास कापले.
फीत सेकंदाला साडेसात इंच धावायची,
पाव सेकंद म्हणजे तीन बोटं.
पिवळ्या पेन्सिलीची खूण, तिरकी खाच, ब्लेड,
पाठीमागून चिकटपट्टी. जोड कळता कामा नये.
साहेब म्हणायचे, गाणं ठेवा, धाप काढा.

काढली.
फेकवली मात्र नाही.

एका रात्रपाळीला सगळे तुकडे
एकापुढे एक जोडले आणि मशीनवर चढवले.
शब्द नाही, सूर नाही,
नुसती आत ओढलेली हवा, पुन्हा हवा, पुन्हा हवा,
आणि मी अंधारात हजेरी घेत बसलो:
हा बुधगावचा गुलाब मुलाणी, वरच्या षड्जाआधी भ्यालेला,
छातीच्या वरच्या वर घेतलेला.
ही प्रमिला इनामदार, घरी भांडून आली होती,
दात मिटून, नाकातून.
हा कोण ते आठवत नाही, पण हसतोय.
ओठ फाकले की तोंडाची पोकळी आखूड होते,
आवाज उजळतो. न दिसताही दिसतं.

समोरच्या यंत्रात एक काटा असायचा.
प्रामाणिक, पण अडाणी.
किती ते सांगायचा,
का ते त्याला कधी विचारलं नाही कुणी.

मालनबाई बोरगावे आली
तेव्हा काटा जागचा हललाच नाही.
आरगच्या पानमळ्यातली बाई,
बोटांच्या पेरांत हिरवा काळसर डाग,
मायक्रोफोनला नमस्कार करून
पाळणा म्हणायला बसली.
मी काचेतून हात वर केला: मोठ्यानं.
ती थांबली.
"मोठ्यानं कसं म्हणू, दादा? जागं हुईल की."

स्टुडिओत ती एकटी होती.

मी बटण फिरवून काटा वर आणला,
तर तिच्यासोबत पंखा वर आला, बांगडी वर आली,
कोरड्या जिभेचा टाळूपासून सुटतानाचा आवाजसुद्धा.
दुसऱ्या ओळीच्या शेवटाला
तिचा सूर मध्येच दोन झाला.
गळ्यात दोन पडदे असतात म्हणे, बरोबरीनं हलतात.
एक पुढं गेला.
एक तिथंच राहिला, क्षणभर, कुणाजवळ तरी.
मग श्वास. मग तिसरी ओळ, अगदी सुरळीत.

साहेबांनी कागदावर लिहिलं: दोष. काढणे.
तीन बोटं.
प्रसारण झालं. गाणं स्वच्छ लागलं.
कुणाचंच पत्र आलं नाही.
पुढं त्या फितीवर
द्राक्षावरच्या भुरीचं व्याख्यान भरलं.

परवा शीतल बोरगावे आला,
पन्नाशीचा, पावडरीच्या दुकानाची टोपी डोक्यावर.
आई गेली, म्हणाला, आवाज कुठंच नाही आमच्याकडं.
फोटो तीन आहेत.
मी विचारलं, थोरले तुम्हीच का?
"न्हाई. मी नंतरचा."
एवढंच बोलला, आणि मी पुढं काही विचारलं नाही.

मशीन तापायला वेळ लागतो.
तुकडा आला आणि गेला,
दुभंगलेलं एक अक्षर आणि एक श्वास,
चहाचा घोट घ्यायला लागतो त्याहून कमी वेळ.
त्यानं टोपी काढली.
"परत लावा." लावला.
"परत."
मग मोबाईल पुढं धरला.
मोबाईल हुशार. त्यानं खरखर पुसली,
श्वास पुसला,
आणि माझ्या खुर्चीची करकर तेवढी जपून ठेवली.

शेवटी मी फीतच काढून दिली.
वाजवणार कशावर, म्हटलं.
"ऱ्हाऊ दे. असू दे."
पाकिटात, विजेच्या बिलाच्या घडीत ठेवली.

जिन्यात त्याचा पाय अडखळला, तिथं दिवा नाही.
मी हाक मारणार होतो.
तो गुणगुणत होता, चाल नीट येत नव्हती,
पण इतक्या हळू
की मीही दार
आवाज न करता लोटलं.